पाणी उतरतं तेव्हा शोध थांबलेला असतो

२०२३ च्या ऑगस्टमध्ये नागपुरात एका नदीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि ती नदी नागपूरची नव्हती. हिरन. जबलपूरकडून वाहत येऊन नर्मदेला मिळणारी. आपल्या शहरातली एक राजकीय कार्यकर्ती महिन्याच्या सुरुवातीला जबलपूरला गेली आणि परतलीच नाही. पुढे तिच्या पतीला अटक झाली. तिला मारून मृतदेह हिरन नदीत टाकल्याची कबुली त्याने दिली, असं पोलिसांनी सांगितलं. पोलिसांपुढच्या कबुलीची किंमत किती, ते न्यायालय ठरवेल. मी त्यात पडत नाही. मला त्या नदीबद्दल बोलायचं आहे. ऑगस्टची नदी म्हणजे दुथडी भरलेली, गढूळ, वरून पाऊस. दोन राज्यांचे पोलीस, पाणबुडे आणि बोटी तिच्यात उतरल्या. तेव्हाच्या त्या शोधात मृतदेह मिळाला नाही.

मग हळूहळू बातम्या आरोपीकडे वळल्या, तिथून फोनकडे, तिथून आणखी कुठेतरी. नदी मागे पडली.

हे एका प्रकरणापुरतं नाही. खुनाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर ९० दिवसांच्या आत दोषारोपपत्र दाखल करावं लागतं. नाही केलं तर त्याला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. त्यामुळे तपास अधिकाऱ्याचं सगळं लक्ष त्या ९० दिवसांवर असतं, आणि असायलाही हवं. पण ऑगस्टच्या गुन्ह्यात ९० दिवस कधी संपतात? नोव्हेंबरात. आपल्याकडच्या नद्यांचं पाणी खरं उतरतं ते दिवाळीनंतर. जानेवारीत डोह निवळतात, आणि एप्रिल-मेमध्ये कन्हानच्या पात्रात तुम्ही चपला हातात घेऊन पलीकडे जाऊ शकता. म्हणजे काहीच दिसत नाही तेव्हा शोध सर्वांत जोरात असतो, आणि तळ दिसायला लागतो तेव्हा फाइल कोर्टात जाऊन बसलेली असते. हा वेळापत्रकाचा घोळ आहे. त्यात कुणाची दुष्टाई नाही, म्हणूनच त्याकडे कुणी बघत नाही.

कायद्याने शोध थांबवायला सांगितलंय असंही नाही. दोषारोपपत्र दिल्यावरही पुढचा तपास करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७३(८) होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १९३ मध्ये आहे. थांबवते ती सवय.

सवयीमागे एक समजही आहे: 'आता काय सापडणार?' पाण्यातल्या मृतदेहाचं काय होतं ते जरा नीट सांगायला हवं. तो आधी तळाला जातो. आत कुजण्याची क्रिया सुरू होऊन वायू धरले की वर येतो; आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत, थंडीत बराच उशिरा. पुरात तो वर आला तरी जागच्या जागी कसा राहील? पुलाच्या खांबाला, पाण्यात झुकलेल्या बाभळीला, बंधाऱ्याच्या तोंडाशी अडकतो, नाहीतर गाळात गाडला जातो. दगड बांधून टाकला असेल तर कदाचित वर येणारच नाही. मांस जातं. हाडं राहतात, दात राहतात. मांडीचं हाड आणि दाढा यांतून कित्येक वर्षांनीही डीएनए काढता येतो, आणि आई-वडिलांच्या किंवा मुलांच्या रक्ताशी तो जुळवता येतो. तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांत मिळालं नाही म्हणजे नदीने गिळलं, ही हताश माणसाची भाषा झाली. कुटुंबाने बोलावी, यंत्रणेने नाही.

आणि नदी हे तरी सोपं ठिकाण. नागपूरच्या भोवताली वेकोलिच्या, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीच्या, संपलेल्या खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे आहेत, गिट्टीच्या जुन्या खदानी आहेत, पडक्या विहिरी आहेत. गांधीसागरात कुणी उडी घेतली तर ठाऊक असलेल्या जागेवर माणसं उतरतात. या तलावातून अनेक मृतदेह काढलेले लोक शहरात आहेत, पगाराशिवाय. खदानीत टाकलेल्या माणसाला शोधायला जागाच कुणी सांगितलेली नसते.

आता कायद्याकडे येतो, कारण इथे वाचकांच्या मनात हमखास एक गैरसमज असतो. मृतदेह नाही तर खून सिद्ध होत नाही, हे आपल्याला सिनेमाने शिकवलं. ते खोटं आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात मॅथ्यू हेल नावाच्या न्यायाधीशाने तसा नियम सांगितला होता, आणि त्याला कारणही होतं. १६६० मध्ये कॅम्डनचा विल्यम हॅरिसन नाहीसा झाला, त्याच्या खुनासाठी एक आई आणि तिची दोन मुलं फासावर गेली, आणि १६६२ मध्ये हॅरिसन स्वतःच्या पायांनी घरी आला. अशी एक कथा पाठीशी असली की न्यायाधीश पिढ्यान्‌पिढ्या सावध राहतात. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलच्या रामानंद खटल्यात १९८१ मध्ये हे स्पष्ट केलं, आणि १९९१ मध्ये तमिळनाडूच्या सेवका पेरुमल खटल्यात पुन्हा सांगितलं: मृतदेह मिळालाच पाहिजे असा हट्ट धरला तर जो खुनी तो चांगला नष्ट करेल तोच सुटेल. इतर पुरावा भक्कम हवा, एवढंच.

महाराष्ट्रात याचं अलीकडचं उदाहरण अश्विनी बिद्रे यांचं. पोलीस अधिकारी असलेल्या बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. शरीराचे तुकडे करून वसईच्या खाडीत टाकल्याचं तपासात पुढे आलं, खाडीत शोध झाला, काही हाती लागलं नाही. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयाने त्यांच्याच खात्यातल्या वरिष्ठ निरीक्षकाला जन्मठेप दिली आणि पुरावा नष्ट करायला मदत करणाऱ्या दोघांनाही शिक्षा केली. नऊ वर्षं गेली, पण मृतदेहाशिवाय खून सिद्ध झाला.

हा निकाल बरोबर आहे. हा कायदाही बरोबर आहे. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. मृतदेहाशिवाय शिक्षा होते म्हटल्यावर मृतदेह हा पुराव्यांपैकी एक पुरावा झाला: मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर मोबाइलचं लोकेशन आहे, सीसीटीव्ही आहे, गाडीतल्या रक्ताचे डाग आहेत. तपासाच्या नजरेतून हे ठीकच. पण ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला मृतदेह पुरावा म्हणून नकोच होता. शोध फक्त खटल्याच्या गरजेला बांधला, तर खटल्याची गरज भागताच तो सुटणार. म्हणून शोध हे सरकारचं वेगळं कर्तव्य मानलं पाहिजे. शिक्षा झाल्यावरही चालू राहणारं, आणि आरोपी सुटला तरीही चालू राहणारं. तेवढंच मला म्हणायचं आहे. पुढचं सगळं ते कसं करायचं याबद्दल आहे.

खटल्याच्या बाजूनेही शोधाला जेवढं महत्त्व आपण देतो त्यापेक्षा जास्त आहे, हे जाता जाता सांगतो. आरोपीने कोठडीत सांगितलेलं एरवी पुराव्यात येत नाही. साक्ष अधिनियमाच्या जुन्या कलम २७ ने, आता २३ व्या कलमाने, एक फट ठेवली आहे: त्याच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट खरोखर हाती लागली, तर सांगण्यातला तेवढाच भाग वापरता येतो. पंचांसमोर निवेदन लिहून घ्यायचं, मग त्याला घेऊन जायचं, त्याने जागा दाखवायची. पण त्या जागेवर नुसतं वाहतं पाणी असेल तर पंचनाम्यात काय लिहायचं? 'आरोपीने नदी दाखवली'? नदी सगळ्यांनाच दिसते.

मृतदेह बेपत्ता होणं म्हणजे तो नेहमीच कुठेतरी दडवलेला असतो, हेही खरं नाही. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्व्यांची गोष्ट जुन्या पिढीला आठवत असेल. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री त्या आपल्या डॉक्टरबरोबर, अनंत चिंतामण लागूबरोबर, पुण्याहून रेल्वेने मुंबईला निघाल्या. मुंबईत पोचल्या त्या बेशुद्धावस्थेत. लागूने त्यांना जी. टी. रुग्णालयात भरती केलं आणि नाव सांगितलं इंदुमती पाऊंशे. त्याच दिवशी, १३ तारखेला, त्या गेल्या. नातेवाईक कुणी आलंच नाही, येणार कुठून? मृतदेह शवागारात बेवारस पडून राहिला. इकडे पुण्यात त्यांच्या नावाची पत्रं येत होती: आपण जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न केलं, आता दूर उत्तरेकडे राहतो. माणसं पत्रं वाचत होती, त्यांची मालमत्ता एकेक करून लागूकडे सरकत होती. लोकांना संशय आला, तक्रारी झाल्या, शेवटी मुंबईच्या शवागारातलं ते खोटं नाव आणि पुण्यातलं ते हरवलेलं नाव एकाच बाईचं असल्याचं उघड झालं. शवविच्छेदनात विष सापडलं नव्हतं, तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर लागूला फाशीची शिक्षा झाली, आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

या खटल्याचं नाव निघालं की वकील परिस्थितीजन्य पुराव्यावर बोलतात. मला त्यातलं शवागार आठवतं. लक्ष्मीबाई कुठे दडवलेल्या नव्हत्या. सरकारी इमारतीत, सरकारी नोंदवहीत होत्या, फक्त दुसऱ्या नावाने. शोधणारे आणि सापडलेली यांच्यामध्ये खाडी नव्हती, दोन वह्या होत्या.

आजही त्या दोन वह्याच आहेत. एकात 'मिसिंग'. दुसऱ्यात आकस्मिक मृत्यू; नागपूरकडे त्याला मर्ग म्हणतात, आणि तोच शब्द जबलपूरलाही चालतो. चालणारच, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण एकाच राज्यात होतो आणि राजधानी इथे होती. शब्द एक राहिला, वह्या वेगळ्या झाल्या. कन्हान मध्य प्रदेशातून येते, नागपूर जिल्ह्यातून जाते आणि आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. पलीकडे भंडारा जिल्हा, पुढे गोसीखुर्दचं पाणी. कामठीजवळ पाण्यात पडलेला मृतदेह भंडाऱ्याच्या हद्दीत काठाला लागला, तर तो तिथल्या ठाण्याचा मर्ग होतो. कपड्यांचं वर्णन, उंची, अंदाजे वय, उजव्या हातावर गोंदलेलं नाव असल्यास ते. वायरलेसवर संदेश जातो, फोटो फिरतो. वेळेत कुणी ओळखलं तर ठीक. नाहीतर दफन, किंवा वैद्यकीय महाविद्यालय. आता हे सगळं संगणकावर आहे, हे मला माहीत आहे. पण वर्णन भरणारा माणूस दोन्हीकडे घाईत असतो, आणि 'अंदाजे वय ३५ ते ५०' या रकान्यात अर्धा विदर्भ मावतो.

यावर उपाय शोधायचा नाही, तो माहीत आहे. २०१९ च्या डीएनए विधेयकात गुन्हेगारांच्या नोंदींबरोबर दोन वेगळ्या सूची ठेवल्या होत्या, एक हरवलेल्या माणसांची आणि एक अनोळखी मृतांची. एकीकडे नातेवाइकांचे नमुने, दुसरीकडे हाडांचे, आणि यंत्राने दोन्ही सतत ताडून पाहायचे. विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. खासगीपणाच्या हरकती होत्या, त्या पोकळ नव्हत्या. सरकारच्या हाती सगळ्यांचा डीएनए जावा असं मलाही वाटत नाही. पण त्या हरकती मुख्यतः संशयित आणि गुन्हेगारांच्या सूचींबद्दल होत्या. स्वतःहून रक्त द्यायला तयार असलेली आई आणि शवागारातलं नाव नसलेलं हाड, यांची सूची ठेवायला कोणाचा खासगीपणा आड येतो? तेवढाच तुकडा वेगळा काढून कायदा करता आला असता. अजूनही येईल. नागपुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, डीएनए तपासणी इथे होते. कुठल्याही प्रयोगशाळेत खटल्यांचे नमुनेच साचलेले असताना हे काम वाढवायचं तर माणसं वाढवावी लागतील, हे उघड आहे. ते करा म्हणतोय.

ओळख पटवण्यात घाई केली की काय होतं ते कर्नाटकात २०२५ मध्ये दिसलं. कोडगूकडच्या एका माणसाला बायकोच्या खुनासाठी तुरुंगात टाकलं होतं. एक सांगाडा सापडला, तोच तिचा असं धरून चाललं. मग एप्रिलमध्ये ती बाई जिवंत सापडली, हॉटेलात बसलेली दिसली. हॅरिसन घरी आला तसंच. सगळ्यांनी त्या निरपराध नवऱ्याबद्दल लिहिलं, लिहायलाच हवं होतं. मला दुसराही प्रश्न पडला: मग तो सांगाडा कुणाचा? कुणाच्या तरी घरी त्याची वाट पाहिली जात असणार, आणि दुसऱ्याच बाईच्या नावावर तो इतकी वर्षं कोर्टात पडून होता.

आता एक सूचना, जी नेहमी होते आणि जिच्याबद्दल माझं मत डळमळतं. खुन्याने मृतदेह कुठे आहे ते सांगितल्याशिवाय त्याला सोडूच नये. ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये खून झालेल्या हेलन मॅकोर्टचा मृतदेह मिळाला नाही. तिच्या आईने वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०२० मध्ये कायदा झाला. सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळाला आता आरोपीचं हे मौन विचारात घ्यावंच लागतं. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांत, २०१७ पासून क्वीन्सलँडमध्ये आणि २०२२ पासून न्यू साउथ वेल्समध्ये, याहून कडक नियम आहे: मृतदेह नाही तर पॅरोल नाही.

ऐकायला रास्त वाटतं. पण तीन माणसं डोळ्यांसमोर आणा. एक, चुकून शिक्षा झालेला. त्याला जागा माहीतच नाही, तो आत सडणार. दोन, खरा खुनी, ज्याने पुरात टाकला. नदीने कुठे नेला हे त्यालाही ठाऊक नाही. तीन, बाहेर येण्यासाठी कुठलीही जागा सांगणारा. त्याच्या मागे पोलीस चार डोंगर खणणार आणि आई प्रत्येक वेळी फावड्याचा आवाज ऐकणार. शिवाय आपल्याकडे 'सांगेपर्यंत' या शब्दाचा कोठडीत काय अर्थ होतो हे सांगायची गरज नाही. म्हणून कडक नियम मला नको. ब्रिटिश वळणाचा चालेल. नागपूर मध्यवर्ती कारागृहातला कैदी संचित रजेसाठी किंवा मुदतपूर्व सुटकेसाठी अर्ज करतो तेव्हा त्याची वागणूक, कुटुंब, गावचा अहवाल, सगळं तपासतात. तिथे एक प्रश्न लेखी विचारला जावा: 'मृतदेहाबद्दल काय सांगता?' उत्तर कुटुंबाला कळवावं. मंडळाने ते तोलावं. वीस वर्षांनी माणूस बदलतो. कुणी सांगितलंच, तर ते नोंदवायला एखादा कागद तरी हवा.

यावर नेहमीची हरकत: पोलीस आधीच कमी, जिवंत माणसांच्या तक्रारी पडून, मेलेल्याच्या हाडांसाठी माणसं कुठून आणायची? हरकत खोटी नाही. पण मी रोज शोधा म्हणत नाही. ज्या खुनात मृतदेह मिळालेला नाही, अशा प्रत्येक प्रकरणात पाणी उतरल्यावर, मार्च ते मे दरम्यान, एकदा ठरवून शोध घ्यावा, आणि सलग काही वर्षं घ्यावा. आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरात आहे. गावातले ढीवर, भोई नदीचे डोह आपल्या घरासारखे ओळखतात. त्यांना बोलवा, पण रोजी देऊन बोलवा, 'मदत करा जी' म्हणून नाही. शवागारांच्या वह्यांचा ताळा वर्षातून एकदा शेजारच्या राज्यासह घ्या. इतकंच.

कागदाचाही प्रश्न आहे. मृतदेह नाही, तर मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही, तर विमा नाही, बँकेतले पैसे नाहीत, सातबाऱ्यावर वारसांची नोंद नाही. सात वर्षं कुणी ऐकलं-पाहिलं नाही तर माणूस मेला असं कायदा धरतो, पण तेही आपोआप नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टात जावं लागतं. म्हणजे खून झाला असं सांगून सरकार एकावर खटला चालवतं, आणि त्याच खून झालेल्या माणसाच्या बायकोला सरकारचाच दुसरा टेबल म्हणतो की ते मेले हे कशावरून. खुनाच्या निकालपत्रातच मृत्युनोंदीचा आदेश लिहायला किती शाई लागते?

आणि विधी. हिंदूंमध्ये देह नसेल तर पळसाच्या ३६० पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, पालाशविधी म्हणतात. पळसाला पानं तीनच, म्हणजे १२० डहाळ्या. विदर्भात पळसाला तोटा नाही. मुसलमानांत गायबाना जनाजाची नमाज आहे. धर्मांनी रिकाम्या जागेची सोय करून ठेवली, यावरूनच कळतं की ही वेळ किती घरांवर किती शतकं येत राहिली असेल. पण ज्यांच्यावर येते ते पानांचा माणूस सहज करत नाहीत. केला की शोध संपला असं होतं. दिल्लीत खून झालेल्या श्रद्धा वालकरच्या प्रकरणात तर हाडं मिळाली होती, वडिलांच्या डीएनएशी जुळलीही होती; पण ती खटल्यातला मुद्देमाल होती. अंत्यविधीसाठी वडील वाट पाहत राहिले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ते स्वतःच गेले.

आमच्या वस्तीत एक काकू आहेत. त्यांचा धाकटा भाऊ एका पैशाच्या भांडणानंतर घराबाहेर पडला तो आलाच नाही. घात झाला असं घरच्यांचं म्हणणं, पोलिसांत नोंद मिसिंगची. बारा वर्षं झाली. पेपरात 'अनोळखी इसमाचा मृतदेह आढळला' अशी चौकट आली की काकू ती कापून ठेवतात. सुरुवातीला मेयो रुग्णालयाच्या शवागारात जाऊन पाहून यायच्या, मेडिकल कॉलेजच्याही. एकदा मी सोबत होतो. चादर बाजूला झाली, त्यांनी पाहिलं, मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आमचा नाही जी तो. पण कोणाचा तरी असंलच ना, भाऊ."

ठाण्यातल्या नोंदीत भावाची उंची आहे, रंग सावळा आहे, निळा शर्ट आहे. शर्ट केव्हाच कुजला असेल. काकूंचं रक्त अजून कुणी मागितलेलं नाही.